चावीपासून गॅसपर्यंत : कोल्हापुरातील प्लंबरच्या शिक्षणाची पार्श्वभूमी

संस्थानकाळात कळंबा तलावाचे पाणी नळाने शहरात आले आणि कोल्हापूरकरांच्या बोलण्यात ‘पाण्याची चावी’, म्हणजे नळाची तोटी, रुळली. ती चावी बसवणारा कारागीर मात्र वर्गात बसून घडत नसे, मिस्त्रीच्या हाताखाली घडत असे. आधी पाईप वाहायचे, मग भिंतीत खाचा पाडायच्या, आणि बऱ्याच दिवसांनी आटे पाडायचा डाय हातात यायचा. अर्ध्या इंचाच्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, पाईपवर इंचाला 14 आटे असतात. त्यांवर धागा आट्यांच्याच दिशेने गुंडाळून वर सफेदा हा पांढरा लेप लावायचा असतो, कारण धागा उलटा गुंडाळला तर एल्बो (वळणाचा तुकडा) आवळताना तो बाहेर ढकलला जातो आणि जोड पाझरू लागतो. हे एकदा चुकल्याशिवाय हाताला कळत नाही, आणि या विद्येची ताकद मला त्यातच दिसते.

कागदाची वाट वेगळी होती. महापालिकांसाठीच्या 1949 च्या कायद्यात प्लंबरना परवाना देण्याची तरतूद आहे, आणि 1972 मध्ये कोल्हापूर नगरपालिकेची महापालिका झाल्यावर तो कायदा येथेही लागू झाला. परंतु परवाना ज्याच्या नावावर, प्रत्येक जोड त्याच्याच हातचा, असे घडतेच असे नाही. प्रत्यक्ष पान्हा फिरवणाऱ्याजवळ पुष्कळदा कसलेही प्रमाणपत्र नसते.

देशात 1950 साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, 1961 साली शिकाऊ उमेदवारीचा कायदा आला, आणि आयटीआयमधील एक वर्षाचा प्लंबर ट्रेड या व्यवस्थेतून मुलांसमोर आला. कळंबा रस्त्यावरचे शासकीय आयटीआय कोल्हापूरकरांना परिचित आहे. पण फाउंड्री आणि मशीनशॉपच्या या गावात, उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत लगेच काम मिळावे म्हणून, मुलांचा ओढा फिटर, टर्नर, मशिनिस्ट यांच्याकडेच अधिक राहिला. प्लंबिंग म्हणजे कमी गुणवाल्यांसाठीची वाट, हा समज त्यामुळे बळावला असावा, आणि तो अन्यायकारक आहे. उतार, दाब, पाईपचा व्यास आणि मलवाहिनीतील हवेचा मार्ग यांचा हिशेब ज्याला जमतो, त्याच्या कामावर अख्ख्या घराचे आरोग्य अवलंबून असते. राष्ट्रीय इमारत संहितेने प्लंबिंगसाठी स्वतंत्र भाग ठेवला आहे, तो याचसाठी.

जीआयच्या जागी सीपीव्हीसी हा प्लॅस्टिकचा पाईप आल्यावर डायची गरज कमी झाली आणि सॉल्व्हंटने, म्हणजे पाईप जोडण्याच्या द्रावणाने, तो चिकटवणे सोपे वाटू लागले. पुढे 2015 पासूनच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, अनुभवाने शिकलेल्या कारागिराची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची सोय झाली. वीस-पंचवीस वर्षे पान्हा हाती धरलेल्या माणसाला मिळालेली ही पहिली लेखी ओळख म्हणून मला ती मोलाची वाटते.

गॅसने कारागिराच्या शिक्षणाचा आणि प्रमाणपत्राचा हा प्रश्न अधिक गंभीर केला. दाभोळहून बेंगळुरूकडे जाणारी नैसर्गिक वायूची वाहिनी कोल्हापूर जिल्ह्यातून जाते. शहरी गॅसवितरणासाठी 2006 च्या कायद्याने नियामक मंडळाची तरतूद केली, आणि असे परवाने देण्याच्या 2018 च्या नवव्या फेरीत कोल्हापूर जिल्ह्याच्या वितरणाचा परवाना देण्यात आला. रस्त्याखालच्या पॉलिइथिलिन पाईपचे जोड विजेच्या उष्णतेने वितळवून एकजीव करावे लागतात, तर घरातील शेगडीपर्यंत गॅस सुमारे 21 मिलिबार इतक्या कमी दाबाने येतो. सिलिंडरच्या गॅससाठी असलेला बर्नरचा जेट (गॅस बाहेर सोडणारे बारीक छिद्र असलेला भाग) नळाच्या या गॅसला चालत नाही. तो मोठ्या छिद्राचा लागतो.

पाण्याची गळती भिंतीवर ओल धरून स्वतःच दिसते. गॅसची गळती वासावरून, साबणाच्या पाण्यातील बुडबुड्यांवरून किंवा दाबमापकाचा काटा उतरल्यावरून ओळखावी लागते. त्यातही सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, तर नळाचा नैसर्गिक वायू हलका असल्याने छताकडे जातो. म्हणून झरोका कोठे ठेवावा, याचे उत्तर दोन्हींसाठी वेगळे आहे. ब्रिटनमध्ये गॅसचे काम करणाऱ्याची स्वतंत्र नोंदणी सक्तीची आहे. आपल्याकडे गॅसफिटरसाठी तसा देशव्यापी वैयक्तिक परवाना नाही. वितरक कंपनी आणि तिचे ठेकेदार ज्यांना शिकवतात, त्यांच्याच हातून हे जोड होतात.