कॉर्डलेस फोनमध्ये रिमोटचे सेल घालू नका (आणि रोज विचारल्या जाणाऱ्या आणखी काही गोष्टी)

गणपती विसर्जनानंतरचे पंधरा दिवस आमच्या दुकानात बंद पडलेले कॉर्डलेस फोन एकामागून एक येतात. त्यातल्या निम्म्याहून अधिक फोनची कहाणी एकच असते. गावच्या घरी म्हातारे आईवडील. हँडसेट उचलला की दोन मिनिटांत बीप बीप करून बंद होतो, म्हणजे बॅटरी संपत आलेली. सणाला मुंबईहून आलेला मुलगा मागचं झाकण काढतो, आत रिमोटला असतात तसे दोन बारीक सेल दिसतात, तो नाक्यावरच्या दुकानातून तसेच दोन नवे आणून घालतो. फोन लगेच चालू होतो, बॅटरीच्या सगळ्या कांड्या भरलेल्या दिसतात. मुलगा निर्धास्त होऊन परत जातो.

पुढे दोन-तीन आठवड्यांनी त्याचा फोन येतो तेव्हा त्याला तिकडे रिंग ऐकू येते आणि इकडे घरात हँडसेट मुका पडलेला असतो. मग शेजाऱ्यांना फोन करायचा, "जरा आईकडे बघून या हो." आपल्याकडे कितीतरी वाड्यांत मोबाइलला रेंज मिळवायला खळ्यात किंवा सड्यावर जावं लागतं. तिथे घरातला फोन बंद असणं म्हणजे साधी गोष्ट नाही. म्हणून हे पत्रक छापलं आहे. फोनच्या खोक्यात ठेवून द्या, आणि मुलांनाही वाचायला द्या.

सेलची गोष्ट नीट समजून घ्या

रिमोटमधला सेल एकदा वापरायचा आणि टाकायचा. कॉर्डलेसच्या हँडसेटमधला सेल रोज चार्ज होणारा असतो. दिसायला दोन्ही सारखे, मापही सारखंच, त्यामुळे फसगत होते. हँडसेट बेसवर (म्हणजे लाइन आणि ॲडॉप्टर जोडलेल्या खालच्या ठोकळ्यावर) ठेवला की बेस त्यात करंट सोडायला लागतो. आत कुठला सेल आहे हे बहुतेक फोनना कळत नाही. साध्या अल्कलाइन सेलमध्ये असा करंट गेला की आत गॅस धरतो, दाब वाढतो आणि सेल खालच्या टोकाकडून पाझरतो. ते पाणी नसतं, तो जहाल क्षार असतो. हाताला लागला तर आग होते, डोळ्यात गेला तर डॉक्टरकडेच धावावं लागतं. क्वचित सेल फुटतोही.

मागच्या वर्षी जयगडच्या बाजूच्या एक आजी असाच फोन घेऊन आल्या. झाकण उघडलं तर आतली स्प्रिंग दिसतच नव्हती. तिच्यावर पांढरट, कडेला हिरवी झाक असलेली पापडी धरली होती, आणि एक सेल डब्यात असा चिकटला होता की चिमट्याने ओढल्यावर त्याचं कवच फाटलं. क्षार स्प्रिंगच्या वाटेने खाली बोर्डापर्यंत उतरून तांब्याच्या दोन रेघा खाऊन गेला होता. त्या रेघा वायर टाकून जोडल्या, स्प्रिंग बदलली, आणि फोन आजही चालू आहे. पण ते काम सकाळी सुरू केलं ते दुपारच्या जेवणापर्यंत चाललं. "नुसता डबा साफ करायचे एवढे पैसे?" असं काही जण विचारतात, त्यांच्यासाठी हे सांगितलं. शिवाय सेल पाझरल्यामुळे झालेलं नुकसान कंपनीच्या वॉरंटीत बसत नाही. तिथे आमचा इलाज चालत नाही.

ओळखायचं कसं? सेलवरचा आकडा वाचा. 1.2 व्होल्ट लिहिलं असेल आणि निकेल मेटल हायड्राइड असेल तर तो आपला. 1.5 व्होल्ट असेल तर तो रिमोटचा किंवा घड्याळाचा, तो नको. टॉर्चमध्ये याच मापाचा 3.7 व्होल्टचा लिथियम सेलही येतो, तो तर मुळीच नको. जुन्या फोनमध्ये सुट्या सेलऐवजी वायर लावलेलं तीन सेलचं पॅक असतं. त्याची पिन उलटी बसू शकते, म्हणून ते आमच्याकडूनच बसवून घ्या, बसवायचे वेगळे पैसे नाहीत.

दोन्ही सेल एकदम बदला. एक जुना आणि एक नवा असं केलं की जुना लवकर उतरतो आणि नव्यालाही घेऊन बसतो. सेलवर जितके जास्त मिलीअँपिअर-तास (mAh, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो तो आकडा) तितकं चांगलं असंही नाही. घरगुती फोनचा चार्जर हळू चालणारा असतो आणि 550 ते 650 मिलीअँपिअर-तासांचा सेल त्याला जुळतो. आम्ही जोडी देताना तुमच्यासमोर मीटरवर लावून देतो. ऑनलाइन थोडी स्वस्त मिळेलही, पण वर्षभर गोदामात पडून राहिलेला सेल आल्यावर ग्राहक आमच्याकडेच येतात, म्हणून सांगतो.

नवीन सेल घातल्यावर पहिलं चार्जिंग पूर्ण होऊ द्या. कंपनीच्या पुस्तिकेत कुठे 7 तास असतात, कुठे 16. आमचा सरळ हिशोब असा: संध्याकाळी दिवेलागणीला बेसवर ठेवायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी 10 नंतर उचलायचा. सेल घातल्या घातल्या कांड्या भरलेल्या दिसतील, त्यावर विश्वास ठेवू नका. सेल बदलले आहेत हे फोनला ठाऊक नसतं, तो अंदाजाने कांड्या दाखवतो. याच कारणासाठी आम्ही नवा फोन विकत घेतल्या दिवशी देत नाही. रात्रभर दुकानात चार्ज करून, लाइनवर लावून, दोन फोन करून मग देतो. राजापूरहून एसटीने दोन तास येणाऱ्याला हे जाचक वाटतं, आम्हाला कळतं. पण दोष असेल तर तो दुकानातच दिसू दे, तुमची दुसरी खेप वाचते. आदल्या दिवशी फोन करून कुठला हवा ते सांगितलंत तर आम्ही तयार करून ठेवतो.

सेल पाझरायला नुकतीच सुरुवात झाली असेल तर घरीही काम होतं. हातात प्लास्टिकची पिशवी घालून सेल काढा, कापसाला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून पापडी पुसा, मग ओल्या कापसाने एकदा, आणि दिवसभर वाळू द्या. पावसाळ्यातल्या दमट हवेत हँडसेटच्या आणि बेसच्या चार्जिंगच्या पट्ट्यांवरही काळपट थर येतो. महिन्यातून एकदा बेसचा प्लग काढून कोरड्या फडक्याने त्या पुसा. "चार्जच होत नाही" म्हणून आलेले कितीतरी फोन आम्ही नुसते पुसून परत दिले आहेत, एक पैसा न घेता.

घर बंद करून चार महिने मुलाकडे जाणार असाल तर सेल काढून ठेवा.

फायबर आल्यावर "डायल टोनच नाही"

आता गावोगाव तांब्याची लाइन जाऊन फायबर आलं आहे. नंबर तोच राहतो, म्हणून फोनची वायर भिंतीवरच्या जुन्या रोझेटमध्येच (लाइनच्या डबीत) राहते. त्या रोझेटमध्ये आता काही येत नाही. फायबरचा जो मोडेम बसवला आहे त्याच्या मागे नेटच्या वायरची मोठी भोकं असतात आणि बाजूला एक किंवा दोन लहान भोकं, त्यावर फोनचं चित्र किंवा तसं नाव असतं. फोनची वायर त्या लहान भोकात गेली पाहिजे. मोठ्या भोकात ती सैल बसते, टोन येत नाही आणि आतल्या पिना वाकतात. दोन लहान भोकं असतील तर दोन्हीत लावून बघा, नंबर बहुधा एकावरच चालू असतो. फोनची नंबर लावायची (डायलिंगची) सेटिंग पल्सवर असेल तर ती टोनवर करा, नाहीतर डायल टोन ऐकू येईल पण नंबर लागणार नाही.

मोडेम आणि बेस शेजारी आले की दुसरा घोटाळा होतो, तो ॲडॉप्टरचा. मोडेमचा ॲडॉप्टर बहुतेक 12 व्होल्टचा, बेसचा साधारण 6 व्होल्टचा, आणि पिन पुष्कळदा एकमेकांत बसते. झाडलोट करताना दोन्ही काढले आणि उलटसुलट लावले की बेस जळतो. दोन्हींच्या वायरवर आजच कागदाची पट्टी चिकटवा. आमच्याकडून घेतलेल्या फोनला ती लावूनच येते.

जुन्या तांब्याच्या लाइनमध्ये एक्स्चेंजमधूनच 48 व्होल्ट यायचे, त्यामुळे लाइट गेली तरी वायरवाला साधा फोन चालायचा. फायबरचं तसं नाही. लाइट गेली की मोडेम बंद, मोडेम बंद की फोन बंद. कॉर्डलेसच्या बेसला तर पूर्वीही लाइट लागायचीच. म्हणून मोडेम आणि बेस दोन्ही इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या. इन्व्हर्टर नसेल तर मोडेमला छोटा यूपीएस मिळतो, आणि सोबत एक वायरवाला साधा फोन घरात असू द्या. घरात वयस्कर माणूस असेल तर हा खर्च आम्ही आग्रहाने करायला सांगतो. रात्री वादळात लाइट गेली असताना 112 किंवा 108 लागणं गरजेचं असतं.

"फोन येतो, पण आम्ही केलेला लागत नाही"

हा दोष तुमच्या फोनचा नाही. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावं लागतं. आलेल्या फोनच्या यादीत मात्र मोबाइल नंबर शून्याशिवाय दिसतो, आणि यादीतूनच परत लावला की "नंबर तपासा" अशी सूचना ऐकू येते. फोनमध्ये साठवलेल्या मुलांच्या सगळ्या नंबरांआधी एकदा शून्य घाला. जमत नसेल तर फोन घेऊन या, दहा मिनिटांचं काम आहे. आलेल्याचा नंबरच दिसत नसेल तर आधी तुमच्या जोडणीवर ती सेवा चालू आहे का ते फोन कंपनीला विचारा, मग आमच्याकडे या.

बेस कुठे ठेवायचा

खोक्यावर उघड्यावर 300 मीटर, घरात 50 मीटर असं लिहिलेलं असतं. ते आकडे जांभ्याच्या भिंतीचे नव्हेत. चिरेबंदी घरात दोन भिंती मध्ये आल्या की आवाज तुटायला लागतो. बेस माजघरात, छातीच्या उंचीवर, मोकळ्या जागी ठेवा. लोखंडी कपाटावर, फ्रिजच्या मागे, आरशाला टेकून नको. 2.4 गिगाहर्ट्झवर चालणारा फोन असेल तर वायफायच्या मोडेमपासून आणि मायक्रोवेव्हपासून निदान मीटरभर लांब, नाहीतर खरखर येईल. 1.8 गिगाहर्ट्झच्या फोनना हा त्रास नाही, आणि घरात वायफाय असेल तर आम्ही तेच सुचवतो. कुणाला तरी फोन लावा आणि बोलत बोलत हँडसेट घेऊन ओटी, पडवी, परसदार असं चालत जा. कुठे तुटतं ते बघून बेस कुठे सरकवायचा ते ठरवता येतं. एका बेसवर अनेक मॉडेलमध्ये पाच-सहा हँडसेट चालतात, नवी वायर ओढावी लागत नाही. ते जोडताना विचारला जाणारा पिन बहुधा 0000 असतो. जोडून झालं की बदलून टाका.

आंब्याच्या बागेत लागेल का, हे दर हंगामात विचारतात. घराला लागून असेल तर लागेल. काही किलोमीटर चालणारे म्हणून जे फोन विकतात त्यांना सरकारी परवाना लागतो. आम्ही ते ठेवत नाही आणि दुरुस्तही करत नाही.

अमेरिकेहून मुलाने आणलेला फोनही इथे लावू नका. तिथले कॉर्डलेस 1920 ते 1930 मेगाहर्ट्झवर चालतात आणि ती जागा आपल्याकडे मोबाइल सेवेला दिलेली आहे. तुमच्या फोनमुळे टॉवरच्या कामात अडथळा येतो, आणि दूरसंचार विभागाने असे फोन वापरायला मनाई केली आहे. त्याचा ॲडॉप्टर नुसत्या 120 व्होल्टचा असेल तर आपल्या 230 वर तो लावल्या क्षणी जातो.

वीज कडाडते तेव्हा

वैशाखातला वळीव आणि परतीचा पाऊस, या दोन वेळी सर्वांत जास्त बेस जळून येतात. ढग गडगडायला लागले की ॲडॉप्टरचा प्लग आणि तांब्याची लाइन असेल तर तिची वायर, दोन्ही काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. कडकडाट चालू असताना वायरवाला फोन कानाला लावू नका. कॉर्डलेसवर बोलणाऱ्या माणसाला तो धोका नसतो, कारण हातातला हँडसेट कुठल्याच वायरला जोडलेला नसतो. बेस मात्र जाऊ शकतो.

लहरींची भीती बरेच जण बोलून दाखवतात. डिजिटल कॉर्डलेसची सरासरी ताकद 10 मिलीवॉटच्या आसपास असते, मोबाइलपेक्षा पुष्कळ कमी. पेसमेकर बसवला असेल तर मात्र हँडसेट छातीच्या खिशात ठेवू नका आणि डॉक्टरांना एकदा विचारा.

दुरुस्तीला येताना हँडसेट, बेस, दोन्ही ॲडॉप्टर आणि लाइनची वायर असं सगळं घेऊन या. नुसता हँडसेट आणला तर दोष कुणात आहे ते सांगता येत नाही आणि तुमचं एसटीचं भाडं फुकट जातं. तपासणीचे पैसे घेतो, पण दुरुस्ती केली तर ते बिलातून वजा करतो. जुने सेल केरात किंवा चुलीत टाकू नका. काउंटरच्या डाव्या हाताला निळा डबा आहे, त्यात आणून टाका, फोन आमच्याकडचा असो वा नसो.