दात हलतोय, पण तारेमुळं की पायरियामुळं?

कोल्हापुरात राजारामपुरीत, शाहूपुरीत आता चाळिशी-पन्नाशीची माणसंपण दाताला तार लावून फिरताना दिसतात, आणि तार लावली की महिन्याभरात हमखास प्रश्न येतो, डॉक्टर दात हलायला लागलाय ओ, पडतोय काय? बोटानं हलवून बघितलं तर तारेचं आणि पायरियाचं (म्हणजे हिरडीच्या आजाराचं) हलणं सारखंच लागतं, आत मात्र कारभार वेगळा असतो.

तार दाताला ढकलते तेव्हा पुढच्या बाजूचं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवीन हाड तयार होतं, असा दात महिन्याला साधारण 1 मिलिमीटर सरकतो. मुळाभोवती पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा धाग्यांचा पडदा असतो, तो या काळात रुंद होतो, म्हणून दात डुलतो. तार घट्ट केली की दोन-चार दिवस चावताना दुखतं, पण हिरडी नीट असली तर सरकवायचं काम संपल्यावर दात परत पक्का होतो.

पायरियात हिरडीखाली जंतूंचा थर बसतो, त्यानं सूज येते आणि ती सूज हाड खाते, आणि मागून भरून येत काही नाही. पुराच्या पाण्यानं नदीकाठच्या झाडाची मुळं उघडी पडावीत तसं. वैताग म्हणजे बऱ्याचदा दुखतच नाही. ब्रश करताना रक्त, तोंडाला वास, एवढंच, आणि बिडी-सिगारेटवाल्यांचं तर रक्तसुद्धा कमी येतं त्यामुळं सगळं ठीकच वाटतं. मग एक दिवस पुढचे दात पुढं येतात, मधे फट पडते, आणि माणूस फट बुजवायला तार लावून घ्यायला निघतो!! खरं तर अगोदर नसलेली फट या वयात नव्यानं पडली तर आधी संशय हिरडीवरच घ्यायचा.

ओळखायचं कसं, तर डॉक्टर बारीक खुणांची सळई दात आणि हिरडीच्या मधल्या खाचेत घालून तिची खोली मोजतात. 1 ते 3 मिलिमीटर ठीक, 4 च्या पुढं लक्ष द्यायला लागतं, 6 म्हणजे बरंच बिघडलंय. सोबत एक्सरे. हे न मोजता कुणी थेट तारेचं पॅकेज सांगत असेल तर मी तरी तिथून उठेन.

पायरिया झालाय म्हणजे तार कायमची बाद असं पण नाही हां. हिरडीची सूज चालू असताना दात ढकलला तर हाड झपाट्यानं जातं, धोका तो आहे. आधी मुळापर्यंत सफाई, शुगर असेल तर ती आटोक्यात, तंबाखू-मिश्री बंद, काही महिन्यांनी परत मोजायचं आणि मगच तार, तीपण हलक्या जोराची, कारण हाड कमी उरलं की तेवढ्याच जोरात दात सरळ सरकायच्या ऐवजी कलंडतो. (सफाईनं दात हलतात असं आमच्याकडं घरोघरी सांगतात, पण बऱ्याचदा किटणानं धरून ठेवलेला दात आधीच सुटलेला असतो.) तार चालू असताना दर 3 महिन्यांनी सफाई, दातांच्या मधला छोटा ब्रश रोज, आणि तार निघाल्यावर बहुतेकदा आतल्या बाजूनं बारीक तार कायमची चिकटवून ठेवतात, कारण हाड कमी असलेले दात परत फाकायला वेळ लागत नाही.