शेंगा आल्या म्हणजे नत्र आलाच, असं नाही

'शेंगा धरणारं कुठलंही झाड मुरमाड जमिनीत लावा, ते हवेतला नत्र (नायट्रोजन) मातीत सोडतं' हा समज अर्धवट आहे.

चिंच, बहावा शेंगावर्गीयच; पण ज्यांत जिवाणू राहून हवेतला नत्र बांधतात, म्हणजे झाडाला वापरता येईल असा करतात, त्या गाठी त्यांच्या मुळांवर येत नाहीत. उलट सुरूच्या झाडाला शेंगा नसतात, तरी फ्रँकिया जिवाणू त्याच्या मुळांत गाठी करून नत्र बांधतात. सुबाभळीला रायझोबियम हा जिवाणू लागतो, आणि तोही तिला मानवणारा. हाताला लागलेलं कुठलंही जिवाणू खत चालत नाही.

गाठ चालू आहे का, हे पाहायचं तर रोप उपटू नका, गाठी तुटून मातीतच राहतात. मुळं मातीसकट खणून धुवा, गाठ ब्लेडने कापा. आत गुलाबी-लाल असेल तर काम चालू. पांढरी असेल तर अजून सुरू नाही किंवा निकामी. हिरवट-तपकिरी म्हणजे संपलेली. (सुरूच्या गाठींना ही रंगपरीक्षा लावू नये.)

हलक्या जमिनीत बहुधा अडतं ते स्फुरदावर (फॉस्फरस). तो कमी पडला की गाठी खुरटतात. वर युरिया टाकून आयता नत्र दिला तर झाड गाठी करायच्या भानगडीतच पडत नाही.

आणि बांधलेला नत्र आधी झाडच वापरतं. मातीला तो मुख्यतः पाला नि मुळं कुजल्यावर मिळतो. छाटलेला पाला उचलून नेलात, तर नत्रही गेला.