तंत्रवार्ता पॉडकास्ट, पुणे

तंत्रवार्ता पॉडकास्ट : संगणक, मोबाइल, इंटरनेट आणि त्यांच्याभोवतीच्या उद्योगांतल्या घडामोडी सांगणारे ध्वनिमुद्रित बातमीपत्र. ते ठरावीक दिवशी श्रोत्याच्या फोनवर फाइलच्या रूपात येते आणि श्रोता ते आपल्या सोयीने ऐकतो. पुण्यात मराठीतून असे बातमीपत्र सुरू करायचे, तर माइक-संगणकाची जुळणी हा त्यातला सोपा भाग असतो. इथला श्रोता बहुधा दुसरे काहीतरी करता करता ऐकतो. वाक्य कसे लिहायचे, आकडा कसा उच्चारायचा, भाग किती वाजता सोडायचा, या सगळ्या गोष्टी त्यामुळे ठरतात.

पूर्वपीठिका : ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द पत्रकार बेन हॅमर्स्ले यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये ‘द गार्डियन’मधल्या एका लेखात वापरला. या नव्या प्रकाराला काय म्हणावे, असा प्रश्न विचारून त्यांनी तीन नावे पुढे ठेवली होती. त्यांतले हे मधले टिकले. यामागची तांत्रिक युक्ती त्याहून जुनी. सॉफ्टवेअर तयार करणारे डेव्ह वायनर यांनी डिसेंबर २००० मध्ये आरएसएस या बातम्यांच्या यादीच्या साच्यात ध्वनिफाइल जोडण्याची सोय केली होती. जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्ट आणले आणि हा प्रकार हौशी मंडळींच्या बाहेर पडला. तंत्रज्ञानाच्या बातम्या हा त्यातला अगदी आरंभीचा विषय. लिओ लापोर्ट यांचे ‘धिस वीक इन टेक’ एप्रिल २००५ पासून चालू आहे. ज्यांना हे यंत्र आधी जमले, त्यांनी आधी यंत्रांबद्दलच बोलून घेतले, हे ओघाने आलेच.

पुण्याचा कान मात्र त्याच्या कितीतरी आधी तयार झालेला होता. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. कणीक मळता मळता, दाढी करता करता बातम्या ऐकायच्या, ही सवय तेव्हापासूनची. पुढे खासगी एफएम वाहिन्या आल्या, पण त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. फार तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुन्हा ऐकवता येतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ‘विद्यावाणी’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र २००५ पासून १०७.४ मेगाहर्ट्झवर चालते, पण बातम्यांवरचे बंधन सामुदायिक केंद्रांनाही आहेच. म्हणजे ज्या शहरात १९८८ साली सी-डॅक हे प्रगत संगणनाचे सरकारी केंद्र स्थापन झाले आणि १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा राहिला, त्या शहरात तंत्रज्ञानाचे स्वतंत्र मराठी बातमीपत्र रेडिओलहरींवर आणायला आकाशवाणीबाहेर जागाच नव्हती. पॉडकास्टला असा परवाना लागत नाही. (इंटरनेटवरच्या वृत्तप्रकाशकांसाठी केंद्र सरकारचे २०२१ चे नियम आहेत, तो भाग वेगळा.) सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि उरलेली अडचणही दूर झाली.

सुरुवात : ध्वनिफाइल एखाद्या होस्टिंग सेवेवर, म्हणजे फाइली इंटरनेटवर सांभाळणाऱ्या सेवेवर चढवली, की ती सेवा आरएसएस फीड, म्हणजे भागांची वाढत जाणारी यादी, तयार करून देते. या फीडचा पत्ता ॲपल पॉडकास्ट्स, स्पॉटिफाय, यूट्यूब यांना एकदाच कळवायचा. नंतरचे भाग आपोआप पोचतात. मूळ फाइल त्या ॲपच्या मालकीची होत नाही, ती आपल्या होस्टवरच राहते. पुढेमागे होस्ट बदलला, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचे वळण लावून घ्यावे लागते, नाहीतर वर्गणीदार जुन्या रिकाम्या दारातच उभे राहतात. प्रत्येक भागाला एक ओळखक्रमांक असतो. स्थलांतरात तो बदलला, तर जुने भाग नवे म्हणून पुन्हा श्रोत्यांच्या फोनवर उतरतात. सुरुवातीला दोन-तीन मिनिटांचा ट्रेलर आणि निदान दोन भाग एकदम द्यावेत, अशी रीत आहे, आणि ती योग्य आहे. एकाच भागावर वर्गणीदार होणारे लोक थोडे.

नाव ठेवताना मराठीची एक खास अडचण येते. शोधणारे पुष्कळजण रोमन अक्षरांत टाइप करतात, आणि ‘तंत्रज्ञान’ या शब्दातला ‘ज्ञ’ कोणी ‘डी-एन-वाय’ असा लिहितो, कोणी ‘जी-वाय’, तर कोणी ‘जे-एन’. ज्याच्या नावात ‘ज्ञ’ आहे ते बातमीपत्र पुष्कळ शोधांत सापडत नाही. मुखचित्र ३००० बाय ३००० पिक्सेलचे द्यायचे असते, पण फोनवर ते नखाएवढे दिसते आणि वेलांट्या-रफार त्यात विरून जातात. नाव दोन-तीन ठसठशीत अक्षरांचे असलेले बरे.

ध्वनिमुद्रण बहुतेक वेळा घरच्याच खोलीत होते. अशा खोलीत कंडेन्सर माइक पंखा, कुकरची शिट्टी आणि खालच्या रिक्षेचा हॉर्न सारे इमानाने टिपतो. तोंडाजवळ धरायचा डायनॅमिक माइक बरा. मराठीतले ‘फ’, ‘भ’, ‘ख’ हवेच्या झोतासह येतात आणि तंत्रज्ञानाच्या बातमीत ‘फोन’, ‘फाइल’, ‘भारत’ पावलोपावली असतात, म्हणून माइकपुढे पॉप फिल्टर, म्हणजे झोत अडवणारी जाळी, हवीच. भिंतींना गोधड्या टांगणे हा स्वस्त आणि खरोखर उपयोगी इलाज आहे. गणेशोत्सवाआधीचे दीड-दोन महिने ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. नदीपात्राच्या आसपास राहणाऱ्याने त्या काळात संध्याकाळचे मुद्रण विसरावे. दुपारी एक ते चार या वेळेची चेष्टा पुष्कळ झाली, पण माइकला ती वेळ फार मानवते.

शेवटी आवाजाची पातळी सारखी करायची. ॲपलची शिफारस ती उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारी पातळी मोजण्याच्या एककाच्या) आसपास ठेवण्याची आहे. निव्वळ बोलण्यासाठी ६४ केबीपीएसची (सेकंदाला ६४ किलोबिटची) मोनो, म्हणजे एकाच वाहिनीची, फाइल पुरते. ती मिनिटाला सुमारे अर्धा एमबी होते, म्हणजे २० मिनिटांचा भाग १० एमबीच्या आत बसतो.

वेळेच्या बाबतीत पुणे भाग्यवान आहे. कॅलिफोर्नियातला सकाळी १० चा कार्यक्रम उन्हाळी वेळेप्रमाणे इथे रात्री साडेदहाला आणि हिवाळ्यात साडेअकराला सुरू होतो. रात्री तो पाहून, टिपणे काढून, पहाटे मुद्रण केले, तर हिंजवडीकडे निघणाऱ्याच्या फोनवर बातमी वेळेत असते. पण परदेशी बातम्यांचे मराठीकरण एवढेच केले, तर श्रोता फार दिवस टिकत नाही. तो त्या बातम्या इंग्रजीतही ऐकू शकतो. २६ सप्टेंबर २०२४ रोजी नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी ‘परम रुद्र’ आणि पाषाणच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेत हवामान अंदाजासाठी ११.७७ पेटाफ्लॉप्स वेगाचा (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला हजार लाख कोटी गणिते) ‘अर्क’ असे दोन महासंगणक एकाच दिवशी राष्ट्राला अर्पण झाले. अशा बातमीवर पुण्याच्या बातमीपत्राने दहा मिनिटे थांबावे. ‘अर्क’चा पाऊस श्रोत्याच्याच डोक्यावर पडणार असतो.

ऐकण्याच्या तऱ्हा : श्रोत्यांचा मोठा गट प्रवासातला. कंपनीच्या बसमध्ये, पीएमपीच्या बसमध्ये, वनाज–रामवाडी किंवा पिंपरी–स्वारगेट मेट्रोत तो ऐकतो. ‘डेक्कन क्वीन’चा पासधारक निघण्याआधी भाग उतरवून घेतो, कारण घाटातल्या बोगद्यांत नेटवर्क जाते. दुचाकीस्वार हेल्मेटखाली एका कानात इअरबड घालून ऐकतात. हे धोक्याचे आहे, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, आणि बातमीपत्राने ते अधूनमधून सांगायला हरकत नाही. दुसरा गट घरातला. त्यातले पुष्कळजण पॉडकास्टचे ॲप कधी उघडतच नाहीत, यूट्यूबवरच ऐकतात. पैसे न भरता वापरले, तर पडदा बंद होताच यूट्यूबचा आवाजही थांबतो. म्हणून फोन ओट्यावर उजेड पाडत उताणा असतो आणि शेजारी भाजी चिरणे चालते.

या गोंगाटात मराठीची वाक्यरचना आडवी येते. आपला नकार शेवटी असतो. ‘ही सुविधा भारतात या वर्षी मिळणार नाही’ या वाक्यातला ‘नाही’ चांदणी चौकातल्या एका हॉर्नखाली गेला, की बातमी उलटी होते. दीडपट वेगाने ऐकणाऱ्याचे तर शेवटचे अक्षर तसेही निसटते. छापील मजकुरात ही अडचण नाही, कारण डोळा मागे जातो. म्हणून मुरलेला निवेदक नकार आधी आणतो : ‘भारताला यंदा वगळले आहे. ही सुविधा इथे मिळणार नाही.’ दोनदा सांगितल्यासारखे वाटते, पण कानासाठी तेच लागते.

आकड्यांचेही तसेच. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे इंग्रजी माध्यमात शिकलेल्या श्रोत्याला चटकन उमगत नाहीत. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली, तेव्हा केवढा वाद झाला होता! बातमीपत्रात त्या वादात न पडता किंमत दोन्ही तऱ्हांनी सांगणे शहाणपणाचे. ‘बिलियन’चे मराठीत ‘अब्ज’ बरोबरच आहे, पण ऐकणाऱ्याच्या मनात ‘शंभर कोटी’ लवकर उमटते. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ रुळली, तिला हात लावू नये. ‘प्रोसेसर’ला प्रतिशब्द शोधण्यात मात्र भागातली दोन मिनिटे वाया जातात.

मोजणी : निर्मात्याला पडद्यावर दिसतो तो डाउनलोडचा आकडा. आयएबी या जाहिरातक्षेत्रातल्या संघटनेच्या डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या नियमांनुसार निदान एक मिनिटाचा ध्वनी उतरला, तर एक डाउनलोड धरतात, आणि त्याच श्रोत्याने २४ तासांत पुन्हा उतरवले, तर ते मोजत नाहीत. यात ऐकण्याचा उल्लेख कुठेच नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ॲपलने आयओएस १७ सोबत न ऐकलेले भाग आपोआप उतरवण्याची पद्धत बदलली, तेव्हा अनेक बातमीपत्रांचे आकडे घसरले. कमी झाल्या त्या फोनमध्ये पडून राहणाऱ्या फाइली. उलट दिशेनेही गफलत होते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर कोणी भागाची फाइलच पुढे ढकलली, तर ती किती घरांत वाजली हे कोणत्याही आकड्यात येत नाही.

पुण्यात एक जादा मापक उपलब्ध आहे. एकोणसत्तरच्या जागी चुकून एकोणऐंशी म्हटले गेले, तर संध्याकाळपर्यंत मिनिट आणि सेकंदासह दुरुस्तीचा निरोप येतो. पाठवणाऱ्याने भाग तिथपर्यंत ऐकलेला असतो, आणि बहुधा खात्री करून घ्यायला मागे नेऊन पुन्हा ऐकलेला असतो.