खानदेशातील ख्रिस्ती उपासना : एका शब्दाची पार्श्वभूमी

1906 साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. विसाव्या शतकाच्या त्याच पहिल्या दशकांत नंदुरबार-नवापूर भागातील भिल्ल आणि मावची वस्त्यांमध्ये परदेशी मिशनऱ्यांचे काम जोर धरू लागले. घरात भिली किंवा मावची, बाजारात अहिराणी आणि प्रार्थनेला छापील मराठी, अशी तीन पदरी भाषा या मंडळ्यांच्या वाट्याला आली. ‘उपासना’ हा शब्द त्यांना मिळाला तो या छापील मराठीतून, आणि रविवारच्या सभेचे नाव म्हणूनच तो रुळला.

गेल्या काही दशकांत त्याच्या शेजारी ‘आराधना’ हा शब्द येऊन बसला. हिंदी गीतांबरोबर आलेल्या या शब्दाचा अर्थ अनेक ठिकाणी प्रवचनाआधीचे गायन एवढाच उरला आहे. “आराधना झाली, आता वचन” असे सहज म्हटले जाते. तरुणांना या गायनात मोकळेपणा वाटतो आणि तो खराही आहे. मात्र गाणे म्हणजे आराधना ठरले, की अर्पण, पापांगीकार, प्रभुभोजन आणि सोमवारची मजुरी ही सारी तिच्याबाहेर पडतात, आणि हे नुकसान लहान नाही.

बायबलच्या मूळ भाषांत हा शब्द इतका अरुंद नव्हता. ज्या हिब्रू धातूने जमीन कसणे सांगितले जाते, त्याच धातूने देवाची सेवा करणेही सांगितले जाते. एदेन बागेची मशागत आणि मिसरातून (इजिप्तमधून) सुटलेल्या लोकांनी करायची उपासना, दोन्हींसाठी तोच धातू येतो. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात आपली शरीरे जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करण्यास सांगून मराठी बायबल त्यालाच ‘आध्यात्मिक सेवा’ म्हणते. तेथील ग्रीक शब्द मंदिरातील उपासनेचाच आहे.

खानदेशात हा अर्थ सर्वांत स्पष्ट दिसतो तो हंगामाच्या उपकारस्तुतीला. नवापूरकडची तूर, भात, ज्वारीची कणसे, परड्यातला भोपळा, कोणी पायाला दोरी बांधून आणलेली कोंबडी, असे सारे वेदीपुढे मांडले जाते. ज्याच्या शेतात यंदा काही पिकले नाही, तोही पदराची चार अंडी ठेवतो. प्रार्थनेनंतर या अर्पणांचा लिलाव होतो, आणि स्वतःच दिलेली तूर जास्त बोली लावून परत घेणारे शेतकरीही असतात.

दिवाळीनंतर यांतील बरीच कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात. पडावावर, म्हणजे तोडणी मजुरांच्या तळावर, ना वेदी असते, ना पेटी. कोयते बाजूला ठेवून, चुलीच्या उजेडात, ज्यांना वाचता येत नाही तेही तेविसावे स्तोत्र तोंडपाठ म्हणतात, आणि त्या बैठकीलाही ते उपासनाच म्हणतात.