बर्फाच्या चहात साखर तळाशी का बसते?

अमेरिकेच्या दक्षिण भागात, जॉर्जिया, अलाबामा किंवा साउथ कॅरोलायनात, आइस टी मागितला की बहुधा गोडच येतो. न्यूयॉर्क-बोस्टनकडे तोच बिनसाखरेचा येतो, सोबत साखरेच्या पुड्या. या फरकाबद्दल एक खुलासा नेहमी फिरत असतो: दक्षिणेतला चहा म्हणे 'अतिसंपृक्त', म्हणजे मावते त्याहून जास्त साखर विरघळलेला, असतो, कारण तेवढी साखर थंड पाण्यात मावतच नाही. ऐकायला शास्त्रीय, पण चूक.

0 अंश सेल्सिअसच्या 100 ग्रॅम पाण्यातही सुमारे 180 ग्रॅम साखर विरघळते. सढळ हाताच्या दक्षिणी घरात एका गॅलनला, म्हणजे 3.8 लिटर चहाला, दोन कप साखर पडते. साधारण 400 ग्रॅम. 100 मिलिलिटरला जेमतेम साडेदहा ग्रॅम, कोलाइतकीच. अतिसंपृक्त तर सोडाच, संपृक्ततेच्या जवळपासही नाही.

तरी पुडीतली साखर तळाशी बसते, कारण अडचण किती साखर मावते ही नसून किती वेळात विरघळते ही आहे. स्फटिकाला पाणी भिडताच त्याच्याभोवती दाट पाकाचा पातळसा थर तयार होतो. हा थर जवळजवळ संपृक्त, त्यामुळे आतली साखर पुढे सुटेना. ती सुटायची तर थरातले रेणू विसरणाने, म्हणजे दाट भागाकडून विरळ भागाकडे आपोआप पसरत, बाहेर सरकले पाहिजेत. विरघळण्याचा वेग संपृक्त द्रावणाची आणि भोवतीच्या द्रवाची संहती (द्रावणातलं साखरेचं प्रमाण) यांतल्या फरकाच्या प्रमाणात असतो, हे नॉइज आणि व्हिटनी या रसायनशास्त्रज्ञांनी 1897मध्ये मांडलं. त्या प्रमाणाचा गुणक थराच्या जाडीवर आणि विसरणाच्या वेगावर ठरतो, आणि विसरणाचा वेग द्रवाच्या विष्यंदितेवर, म्हणजे चिकटपणावर. 0 अंशाला पाण्याची विष्यंदिता 90 अंशाच्या पाण्याच्या जवळपास सहापट असते. पाकाचा चिकटपणा तर थंडीत याहून झपाट्याने वाढतो. शिवाय हा पाक जड, म्हणून तळाशीच पसरून राहतो. लिंबू सरबतात आधी बर्फ टाकून मग साखर ढवळणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

थंडीचा दुसरा फटका जिभेवर. गोडाचा संदेश पुढे नेणारी टीआरपीएम5 नावाची आयनवाहिनी, म्हणजे चवीच्या पेशीतलं विद्युतभारित कणांचं दार, गारव्यात मंदावते, हे 2005मध्ये दिसून आलं. म्हणजे गार चहा तेवढाच गोड लागायला साखर जास्त हवी, आणि नेमकी तीच लवकर विरघळत नाही!

म्हणून साखर चहा गरम असतानाच घालावी लागते. माझ्या मते प्रांताप्रांतांतल्या फरकाचं मर्म इथे आहे. गरम चहात ज्याने त्याने आपापली साखर घालावी. आइस टीत मात्र तो निर्णय स्वयंपाकघरातच होतो, आणि एकदा घातलेली साखर काढता येत नाही. मग बहुसंख्यांची आवड हीच हॉटेलची रीत होते. निव्वळ उकाड्याने या फरकाचा उलगडा होत नाही. ॲरिझोनाचं वाळवंट काही कमी तापत नाही, पण तिथे गोड चहाची अशी सक्ती नाही.

गंमत म्हणजे दक्षिणेतल्याच व्हर्जिनियाच्या मेरियन कॅबेल टायरी यांच्या पुस्तकातल्या 1879च्या आइस टीच्या पाककृतीत हिरवा चहा आहे आणि साखर गरम चहात नव्हे, थेट पेल्यात, बर्फावर! आइस टीचा 'शोध' 1904च्या सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात रिचर्ड ब्लेचिंडन यांनी लावला ही कथा तेवढ्यानेच कोसळते. हे गृहस्थ हिंदुस्थानी चहाचा प्रचार करायला तिथे गेले होते. त्यांनी गार चहा लोकप्रिय केला, एवढंच.

उत्तरेकडच्या अनेक कॅफेंनी आता पुड्यांऐवजी साखरेच्या पातळ पाकाची बाटली ठेवायला सुरुवात केली आहे. स्फटिकच नाही, त्यामुळे दोनदा ढवळलं की काम होतं.