लॉक झोपलंय की मेलंय?

जुनी थार घ्यायला गेलेला माणूस मागची दोन्ही चाकं उचलून घेतो आणि एक चाक हाताने हळूच फिरवतो. दुसरं चाक उलटं फिरलं की निकाल लावून मोकळा: "लॉक गेलंय!" मागच्या दोन चाकांना एकत्र बांधणारं हे लॉक बहुतेक वेळा फक्त झोपलेलं असतं.

साधा डिफरन्शियल, म्हणजे इंजिनचा जोर दोन चाकांत वाटणारा गिअरचा संच, वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो, पण जोर मात्र दोघांना जवळपास सारखाच देतो. चिखलातलं चाक जेवढा जोर पेलेल, तेवढाच घट्ट जमिनीवरच्या चाकालाही मिळतो. म्हणून एक चाक गरगरतं आणि गाडी जागीच.

2020 साली आलेल्या थारच्या काही मॉडेल्समध्ये यावर मेकॅनिकल लॉक मिळालं. ईटन कंपनीचं हे तंत्र शेव्हरोलेच्या पिकअपमध्ये 1973 पासून आहे. दोन चाकांच्या वेगातला फरक मिनिटाला सुमारे 100 फेऱ्यांवर गेला की आतली छोटी वजनं बाहेर फेकली जातात, एक वजन खिटीत अडकतं आणि क्लच प्लेट आवळल्या जाऊन दोन्ही चाकं एकत्र फिरतात. गाडी ताशी 30 किलोमीटरच्या वर असेल, तर खिटीच बाजूला सरकते आणि लॉक लागत नाही.

आता गणित बघा. गाडी बंद, गिअरमध्ये. एक चाक पुढे, दुसरं तेवढंच मागे. म्हणजे प्रत्येकी 50 फेऱ्या पुरतात. सेकंदाला जेमतेम एक! जोरात फिरवलं की 'खट्' होऊन चाक थांबायला हवं. उलटं फिरवलं की सुटतं. हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो, तो सोडावा लागणार. तेव्हा पुढच्या चाकांना दगड आणि अॅक्सलखाली भक्कम स्टँड हवेतच. एकच चाक उचलून इंजिन चालू करण्याचा मोह मात्र नको. लॉक लागलं तर जमिनीवरचं चाक गाडीला जॅकवरून खाली उडवेल.

खरी परीक्षा मुरमाड चढावर. टू-व्हील मोड (जोर फक्त मागच्या चाकांना), पहिला गिअर, अॅक्सिलरेटर हलका पण स्थिर. एक चाक क्षणभर घसरतं, धक्का बसतो, मग दोन्ही ओढतात. मागे एकच चर पडला तर शंका घ्या. डांबरावर हा खेळ करू नका.

ड्रेन प्लगच्या, म्हणजे डिफरन्शियलचं तेल काढायच्या बुचाच्या, चुंबकावरही नजर टाका. राखाडी मऊ लेप चालतो, ती नेहमीची झीज. टोकदार तुकडा सापडला, तर आधी डिफरन्शियलचं हाउसिंग (बाहेरचं कवच) उघडा, भावाचं नंतर बोला.